तापीवरचा दुसरा पूल : भुसावळजवळच्या लोहमार्ग पुलाचे प्रकरण

भुसावळच्या पूर्वेस सुमारे अडीच मैलांवर मुंबईहून इटारसी-जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग तापी नदी ओलांडतो. खानदेशातल्या माणसाला हे ठिकाण इतके परिचयाचे आहे की तिथल्या पुलाचा इतिहास विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेले असते, की इंग्रजांनी बांधला, दगड-चुन्यात बांधला, म्हणून टिकला. प्रत्यक्षात इंग्रजांच्या कंपनीने या ठिकाणी आधी बांधलेला पूल टिकला नव्हता. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रेल्वेच्या पुलांची माहिती आहे. वापरलेला दगड हलक्या प्रतीचा निघाल्यामुळे तापीवरचा पहिला पूल सोडून द्यावा लागला, असे तिथे मोजक्या शब्दांत सांगितले आहे, आणि मग दुसऱ्या, वापरात असलेल्या पुलाची मापे दिली आहेत.

ही नोंद वाचून पुढे जाणे सोपे आहे. पण एखादा मोठा पूल दगडापायी सोडून द्यावा लागणे ही स्थापत्याच्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे. पूर आला आणि पूल गेला, तर दोष नदीवर टाकता येतो. दगड वाईट निघाला, तर तो कोणी तरी खाणीतून निवडला होता, कोणी तरी घडवला होता, कोणी तरी तपासून मान्य केला होता आणि त्याची मोजमाप-वहीत नोंद करून पैसे दिले गेले होते. म्हणून हे प्रकरण पुलाचे असले, तरी त्याचा गाभा देखरेखीचा आहे, आणि त्यासाठीच ते सविस्तर मांडावेसे वाटते.

रेषा नदीपर्यंत कशी आली

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे कंपनीच्या वाटा कल्याणला दुभंगल्या. एक भोर घाटातून पुण्याकडे गेली आणि दुसरी थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, नाशिक-खानदेशाकडे आली. थळ घाटाचे काम १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुले झाले आणि मुंबईचे बंदर खानदेशच्या मैदानाशी सलग जोडले गेले. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला होता आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी महत्त्व आले होते. लोहमार्ग लवकर पुढे सरकावा यासाठी जो दबाव होता, त्याच्या मुळाशी हा कापूस होता.

नकाशा समोर ठेवून ही रेषा पाहिली की आखणी करणाऱ्या अभियंत्यांची सावधगिरी लक्षात येते. मनमाडहून नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव अशी येणारी मुख्य रेषा गिरणेच्या उजव्या अंगाने चालते आणि ती नदी कुठेही ओलांडत नाही. गिरणा ओलांडण्याचे काम पुढे १९०० च्या सुमारास झालेल्या धुळे शाखेला आणि तापी व्हॅली रेल्वेला करावे लागले. मुख्य रेषेच्या वाट्याला चाळीसगावची तितूर, भुसावळच्या अलीकडची वाघूर अशा तुलनेने लहान नद्या आल्या. भुसावळला रेषा पुन्हा दुभंगते. त्यातला नागपूरकडचा फाटा पूर्णेच्या दक्षिणेनेच बोदवड, मलकापूर, शेगाव, अकोला असा जातो आणि निदान तिथपर्यंत तोही मोठी नदी टाळतो. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जबलपूरकडच्या फाट्याला मात्र पळवाट नव्हती. त्याला रावेर, बऱ्हाणपूर करीत सातपुड्यातल्या असीरगडच्या खिंडीतून वर चढायचे होते, आणि ती खिंड नदीच्या पलीकडे आहे. मुंबईपासून जी रेषा शक्य तिथे मोठी नदी चुकवत आली होती, तिला भुसावळजवळ खानदेशातली सर्वांत मोठी नदी ओलांडावी लागली.

इथे जागेची निवड समजून घेण्यासारखी आहे. भुसावळच्या वरच्या बाजूला चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो. संगमाच्या वर ओलांडायचे तर पूर्णेवर एक आणि तापीवर दुसरा असे दोन पूल लागले असते. संगमाच्या खाली एकच पूल पुरतो, पण त्या एका पुलाखालून दोन्ही नद्यांचे पाणी जाऊ द्यावे लागते. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपासून येणारी तापी सातपुड्याच्या दक्षिण उताराचे पाणी आणते आणि पूर्णा वऱ्हाडचे. दोन्हीकडे एकाच वेळी जोराचा पाऊस झाला की भुसावळला काय होते, हे आता हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याच्या बातम्यांतून कळते. धरण नव्हते तेव्हा ते काठावरच्या गावांना रात्रीतून कळत असे. खानदेशच्या नद्या किती बेभान होऊ शकतात याचा दाखला त्या पिढीला लवकरच मिळाला. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणेला पूर आला आणि पांझरेच्या पुराने धुळे शहराची मोठी हानी झाली.

तापीचे पात्र आणखी एका कारणाने अवघड आहे. खानदेशच्या मैदानात ही नदी गाळाच्या जाड थरांतून खोल कापत गेलेली आहे. तिचे काठ उंच, पिवळसर मातीचे, जागोजाग घळींनी फाटलेले आहेत. त्यामुळे पूल फक्त पाण्यावरून न्यायचा नसतो. दोन्ही बाजूंच्या फुटक्या काठांवरूनही तो बराच लांब न्यावा लागतो, आणि रूळ मैदानाच्या पातळीला ठेवायचे तर खांब उंच करावे लागतात. उंच खांब म्हणजे अधिक बांधकाम, आणि अधिक बांधकाम म्हणजे अधिक दगड. या प्रकरणात दगडाला जे महत्त्व आले, त्याचे मूळ काठांच्या या उंचीत आहे.

दगड वाईट निघतो म्हणजे काय

दख्खनच्या पठाराचा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, हे शाळेत शिकवले जाते. बांधकामाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग सहसा घट्ट, काळा, वजनदार असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो आणि पुढे त्या छिद्रांत पांढरी व हिरवट खनिजे भरतात. विहिरी खणणारे लोक अशा ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात. खाणीतून नुकताच काढलेला हा दगड घडवायला सोपा, दिसायला भरीव आणि कोपरे धारदार राखणारा असतो, त्यामुळे काम भराभर होते. अडचण नंतर सुरू होते. त्यातली काही खनिजे पाणी शोषतात, फुगतात आणि सुकल्यावर आकसतात. पावसाळ्यात बुडणारा आणि उन्हाळ्यात वैशाखाच्या उन्हात तापणारा पुलाचा खांब दर वर्षी या चक्रातून जातो. काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, कडा झडतात, सांध्यातला चुना उघडा पडतो आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळते.

इमारतीत असा दगड लपून जातो, कारण तिथे भार स्थिर असतो आणि भिंत बहुधा कोरडी राहते. पुलाच्या खांबाची गोष्ट वेगळी आहे. लोखंडी गर्डरचा, म्हणजे खांबांवर आडव्या टाकलेल्या मोठ्या तुळईचा, सगळा भार खांबाच्या माथ्यावरच्या थोड्या जागेतून खाली उतरतो. गाडी पुलावर आली की तो एकदम वाढतो, गाडी गेली की कमी होतो, आणि इंजिनाच्या हादऱ्यांसह हे दिवसातून अनेकदा घडते. अशा ठिकाणी एक थर जरी भुसभुशीत असला, तरी वरचे सगळे बांधकाम त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे दुरुस्तीला वाव फार थोडा राहतो. खांबाच्या मधला थर काढून बदलता येत नाही. म्हणूनच डागडुजी न करता अख्खा पूल सोडून देण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि गॅझेटियरने एका ओळीत सांगितलेल्या त्या घटनेचा अर्थ असा गंभीर आहे.

या भागात चांगला दगड नव्हताच, असे मात्र म्हणता येणार नाही. याच नदीवर, पुलापासून फार दूर नाही अशा चांगदेवच्या संगमाजवळ जुने हेमाडपंती धाटणीचे दगडी देऊळ उभे आहे आणि ते आज संरक्षित स्मारक आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीचे यादवकालीन मंदिर आहे. शेकडो पावसाळे काढलेल्या या वास्तू खानदेशच्या परिसरातल्याच आहेत. दगड ओळखण्याची विद्याही इथल्या पाथरवटांना आणि वडारांना होती. घणाचा ठोका मारल्यावर टणक दगड खणखणीत वाजतो आणि पोकळ किंवा कुजका दगड बद्द आवाज देतो, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मंदिर बांधणाऱ्याला मात्र एक गोष्ट मिळत होती जी लोहमार्गाच्या कंत्राटदाराला मिळत नव्हती, ती म्हणजे दगड निवडायला वेळ. नदीच्या पात्रातले काम पाऊस ओसरल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसापूर्वी सुरक्षित उंचीवर आणावे लागते. हंगाम चुकला की वर्ष जाते. अशा घाईत जवळच्या खाणीतून मिळेल तो दगड उचलण्याचा मोह फार मोठा असतो.

१८६७ चा धक्का

तापीचा पहिला पूल ही एकाकी घटना नव्हती, आणि हे प्रकरण समजण्यासाठी थोडे खानदेशाबाहेर पाहिले पाहिजे. याच कंपनीच्या भोर घाटातल्या मार्गावर, १८६३ मध्ये घाट खुला झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, म्हणजे १८६७ च्या जुलैमध्ये, ‘मऊ की मळी’ या नावाने ओळखला जाणारा दगडी कमानींचा मोठा पूल कोसळला. तोवर कंपनीची बांधकामे उत्तम आहेत असा समज होता. या घटनेनंतर तिच्या मार्गावरील दगडी बांधकामांची तपासणी सुरू झाली आणि अनेक ठिकाणी एकाच प्रकारचा दोष आढळला. बाहेरून नीट घडवलेल्या दगडांचा देखणा थर होता, पण त्याच्या पोटात अनघड दगड, चिपा आणि निकृष्ट चुना भरलेला होता. दर्शनी थर आणि पोट यांना एकमेकांत गुंतवणारे लांब दगड पुरेसे घातलेले नव्हते. भार आला की पोट खचे, सगळा दाब बाहेरच्या पातळ थरावर येई आणि तो थर फुगून फाटे.

हे का घडले, याची कारणे शोधताना व्यवस्थेकडे बोट दाखवावे लागते. कंपनीचे भांडवल इंग्लंडमधले होते आणि त्यावर ५ टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या सरकारने, म्हणजे शेवटी इथल्या करदात्याने, दिलेली होती. मार्ग नफ्यात चालो वा तोट्यात, भागधारकाला त्याचे व्याज मिळणार होते. काम मोठ्या इंग्रज कंत्राटदारांना दिले जाई, ते पोटकंत्राटे देत आणि प्रत्यक्ष दगडावर दगड ठेवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत पैसा आणि जबाबदारी दोन्ही पातळ होत असत. सरकारचे सल्लागार अभियंते कामावर नजर ठेवण्यासाठी नेमलेले होते, परंतु शेकडो मैलांवर पसरलेल्या, एकाच वेळी अनेक टप्प्यांत चाललेल्या कामांत प्रत्येक खांबाचे पोट कोण पाहणार? बांधकाम वर आले की पोट झाकले जाते, आणि झाकलेल्या कामाची तपासणी बाहेरून होत नाही. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी या मार्गांची आखणी मोठ्या कौशल्याने केली होती, पण १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. खानदेशातली आणि पुढची बरीच कामे त्यांच्यानंतर झाली.

माझ्या मते या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा हमीचा होता. चूक झाली तर तिची किंमत चूक करणाऱ्याला मोजावी लागत नव्हती. पहिल्या पुलाचा खर्च आणि दुसऱ्या पुलाचा खर्च, दोन्ही भांडवलात जमा झाले आणि त्या भांडवलावर हमीचे व्याज चढले. म्हणजे खानदेशचा शेतकरी सारा भरताना, जो पूल सोडून द्यावा लागला त्याचेही व्याज भरत होता. इंग्रजी अमदानीतल्या बांधकामांचे आज जे सरसकट गुणगान होते, त्यात हा हिशेब कुठेच येत नाही, आणि तो यायला हवा असे मला ठामपणे वाटते.

दुसऱ्या पुलाची मापे काय सांगतात

गॅझेटियरने दिलेल्या मापांनुसार दुसरा पूल ८७५ यार्ड लांब होता. त्यात १३८ फुटांचे ५ गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा), ६० फुटांचे १४ गाळे आणि ४० फुटांच्या २० कमानी होत्या. आकडे कोरडे वाटतात, पण पुलाचे चित्र उभे करण्यासाठी ते पुरेसे आहेत.

सगळ्या मोकळ्या जागांची बेरीज केली तर ६९० अधिक ८४० अधिक ८००, म्हणजे २,३३० फूट होते. पुलाची लांबी फुटांत २,६२५ येते. उरलेले २९५ फूट खांबांनी आणि कमानींच्या पायांनी व्यापलेले असणार. एकूण गाळे ३९, म्हणून त्यांच्या मधले आधार ३८. सरासरी काढली तर एका आधाराची जाडी पावणेआठ फुटांच्या आसपास येते. अर्थात मोठ्या गाळ्यांचे खांब याहून जाड आणि कमानींचे पाय याहून बारीक असणार, पण बेरीज जुळते.

तीन प्रकारचे गाळे का केले, याचेही उत्तर मापांतच आहे. १३८ फुटांचे गाळे त्या काळी बहुधा लोखंडी गर्डरनेच साधले जात. ते खोल प्रवाहाच्या जागी हवेत, कारण तिथे पाया घालणे सर्वांत खर्चिक असते आणि पुरात वाहून येणारी झाडे अडू नयेत म्हणून मोकळी जागा मोठी लागते. ६० फुटांचे गाळे पुराच्या वेळीच पाण्याखाली जाणाऱ्या पात्रासाठी योग्य ठरतात. ४० फुटांच्या कमानी काठांच्या बाजूला, जिथे उंची आणि पाणी दोन्ही कमी होत जातात, तिथे शोभतात. भराव घालून रूळ नदीपर्यंत आणता आले असते आणि ते स्वस्तही पडले असते. पण भरावाने पुराच्या पाण्याची वाट अरुंद केली असती, प्रवाहाचा वेग वाढला असता आणि खांबांच्या पायाशी माती खरवडली गेली असती. त्याऐवजी वीस कमानींचे दगडी काम पत्करले, यात मला दुसऱ्या वेळचे शहाणपण दिसते.

मार्च १८७० मध्ये मुंबई ते जबलपूर हा मार्ग पूर्ण झाला आणि जबलपूरला तो ईस्ट इंडियन रेल्वेला मिळून मुंबई-कलकत्ता प्रवास सलग होऊ लागला. त्या दिवसापासून भुसावळ हे देशाच्या नकाशावरचे जंक्शन झाले. रेल्वेपूर्वी हे एक लहान गाव होते. कारखाना, वसाहत, बाजार हे सगळे रुळांच्या मागोमाग आले. रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे जाताना हा पूल ओलांडत नाहीत, कारण ती गावे नदीच्या उत्तरेलाच आहेत; मुंबईकडचा त्यांचा लोहमार्ग मात्र आजही तापीवरूनच जातो. याच कारणाने यावल-रावेरकडच्या गावांना नदीच्या अलीकडे-पलीकडे बारमाही जाण्याचा पहिला भरवशाचा मार्ग आगगाडीने दिला. रस्त्याने जाणारा त्या काळी उन्हाळ्यात उतारावरून आणि पावसाळ्यात नावेने, नदी परवानगी देईल तेव्हा, पलीकडे जात असे.

पुलाचे वय कशाला म्हणायचे

या प्रकरणातून निघणारा सर्वांत उपयोगी मुद्दा वयाचा आहे. जुन्या लोहमार्ग पुलाला एकच वय नसते. पाया एका काळचा, खांबाचा खालचा भाग त्याच काळचा, माथ्यावरचा गर्डर बसवायचा दगड कदाचित नंतरचा, गर्डर आणखी नंतरचा आणि स्लीपर-रूळ अलीकडचे, अशी स्थिती देशभर आढळते. एकोणिसाव्या शतकातले गर्डर घडीव लोखंडाचे असत. इंजिने आणि डबे जड होत गेले तसे विसाव्या शतकात अनेक पुलांवर ते काढून पोलादी गर्डर बसवले गेले. पुलावर किती भार धरायचा याचे मानकही बदलत गेले. १९२६ चे मानक, १९७५ चे सुधारित मानक, १९८७ चे त्याच्याही पुढचे, आणि त्यानंतर मालगाड्यांच्या २५ टनी आसासाठीचे. आधीच्या मानकाला पुरेसा असलेला पूल पुढच्या मानकाला पुरेलच असे नाही, आणि म्हणून दर वेळी खांब किती भार घेऊ शकतात हे नव्याने पाहावे लागते. पहिल्या पुलाच्या वेळी दगडाच्या निवडीत झालेली चूक दुसऱ्यांदाही झाली असती, तर वर गर्डर कितीही नवे बसवून उपयोग झाला नसता.

खानदेशात, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, एक समजूत ऐकू येते की पुलाला शंभर वर्षे झाली की इंग्लंडहून पत्र येते आणि पुलाची मुदत संपल्याचे कळवले जाते. ही समजूत लोकांच्या मनात इंग्रजी कामाबद्दल असलेल्या आदरातून आली असावी. पण ती धोकादायक आहे, कारण ती जबाबदारी सात समुद्रांपलीकडे ढकलते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कारभार १९२५ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. या मार्गावरच्या प्रत्येक पुलाची जबाबदारी त्याच क्रमाने हस्तांतरित झाली आहे. पत्र पाठवायला पलीकडे कोणी उरलेले नाही. शिवाय दगडी पुलाला अशी ठरीव मुदत नसते. नीट निवडलेला दगड, भरीव पोट आणि शाबूत पाया असेल तर तो दोनशे वर्षेही चालेल. वाईट दगडाचा पूल किती लवकर निकामी होतो, हे तापीनेच दाखवले आहे.

रेल्वेची एक शिस्त मात्र इथे मनापासून वाखाणली पाहिजे. तिच्या प्रत्येक पुलाला, अगदी नाल्यावरच्या मोरीलाही, क्रमांक असतो. पुलावर पाण्याच्या प्रवाहाची दिशा, पुराची धोक्याची पातळी आणि नोंदलेला सर्वोच्च पूर रंगवलेला असतो. पुलाची नोंदवही असते आणि ठरावीक काळाने अभियंत्याने पाहणी करून तिच्यात लिहावे लागते. पावसाळ्यात नाजूक पुलांवर पहारेकरी बसतो. या शिस्तीचे मूळ कौतुकात नसून १८६७ सारख्या धक्क्यांत आहे, असे मी समजतो.

रस्त्यावरचे पूल आणि हाच प्रश्न

रस्त्यांच्या पुलांना अशी अखंड कागदपत्रे मिळत नाहीत. एकच पूल आधी जिल्हा लोकल बोर्डाचा, मग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, मग राष्ट्रीय महामार्गाचा आणि बाहेरून वळणरस्ता निघाल्यावर नगरपालिकेचा होतो. प्रत्येक हस्तांतरात नकाशे आणि पाहणीचे कागद गहाळ होण्याची शक्यता वाढते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ मधला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बस वाहून गेल्या, तेव्हा राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीची हाक उठली. त्या वेळी खानदेशातही अनेक ठिकाणी ‘ब्रिटिशकालीन पूल’ हा एकच शब्द दोन्ही बाजूंनी वापरला गेला. कोणी म्हणे ब्रिटिशकालीन म्हणून धोकादायक, कोणी म्हणे ब्रिटिशकालीन म्हणून मजबूत. दोन्ही विधाने पुलाबद्दल काहीच सांगत नाहीत.

पुलाची अवस्था कळण्यासाठी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते तापीच्या प्रकरणाने दीडशे वर्षांपूर्वीच घालून दिले आहेत. खांबाचा दगड कोणत्या थरातला आहे आणि पाण्याच्या पातळीशी त्याचे पापुद्रे सुटतात का? बाहेरचा थर ठोकल्यावर भरीव वाजतो की पोकळ? म्हणजेच दर्शनी दगड पोटापासून सुटला आहे का? पाया खडकावर आहे की गाळावर, आणि वाळूउपशामुळे पात्र खाली गेल्याने तो उघडा पडला आहे का? शेवटचा प्रश्न तर आज तापी-गिरणेच्या काठी सर्वांत तातडीचा आहे. पुलाच्या वर-खाली वाळू उपसली की पात्राची पातळी घसरते आणि ज्या खोलीचा भरवसा धरून पाया घातला होता ती खोली उरत नाही. इंग्रज अभियंत्याने या शक्यतेचा विचार केलेला नव्हता, कारण त्याच्या काळी ही शक्यता नव्हती.

या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आजची साधने उपलब्ध आहेत. खांबात बारीक भोक पाडून आतल्या बांधकामाचा नमुना काढता येतो, आवाजाच्या लहरींनी पोकळी ओळखता येते, पाणबुडे पाठवून पाण्याखालचा पाया पाहता येतो, आणि पोट पोकळ असले तर दाबाने सिमेंटचे पातळ मिश्रण भरून ते काही अंशी सांधता येते. हे सगळे करूनही पूल सोडून द्यावा लागला, तर तो निर्णय कारणांसह लिहून ठेवला पाहिजे. तापीच्या पहिल्या पुलाबद्दल जिल्ह्याच्या सर्वांत परिचित ग्रंथात उरली ती एक ओळ. त्यात खाण कोणती, दगड मान्य कोणी केला, दोष पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला, यांतले काही येत नाही, आणि नेमकी हीच माहिती पुढच्या अभियंत्याच्या कामाची असते.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. भुसावळला रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे. तिथल्या जुन्या पुलांचे नकाशे, दुरुस्तीच्या नोंदी आणि गर्डर बदलल्याची वर्षे यांची प्रत जिल्ह्यातल्या विद्यापीठाला अभ्यासासाठी मिळावी. आणि भुसावळ स्थानकात, जिथे रोज हजारो लोक गाडीची वाट पाहत उभे असतात, तिथे एक फलक लावावा. त्यावर दुसऱ्या पुलाची ८७५ यार्ड लांबी, त्याचे ३९ गाळे आणि १८७० मध्ये पूर्ण झालेला जबलपूरचा मार्ग यांची माहिती असावी, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत हा तापीवरचा दुसरा पूल होता, पहिला दगड वाईट निघाल्यामुळे सोडून द्यावा लागला, हे स्पष्ट लिहिलेले असावे.